नांगर उचलणारा माणूस

निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागांमधून जाणाऱ्या एका रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे. पाटी नाही, पण आसपासच्या दहा गावांत ट्रॅक्टरला काही झाले की माणसे तिथेच येतात. गेल्या मे महिन्यात त्या शेडमधल्या बाजेवर बसून मी तीन तास काढले. माझ्या साडूंच्या मुलाने बागेसाठी मिनी ट्रॅक्टर घेतला आहे. वेलींच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा, अरुंद, बेताच्या ताकदीचा. त्याला आता छोटा पलटी नांगर जोडायचा होता. एक तास मारून झाले की याचे फाळ उलटे फिरतात आणि त्याच तासाला लागून नांगर परत येतो. फाळ फिरवायला नांगरावर तेलाचा एक सिलिंडर असतो आणि त्याला दोन नळ्या लागतात, एकीतून तेल आत जायला आणि दुसरीतून परत यायला. ट्रॅक्टरच्या मागे औजार उचलणारी लिफ्ट होती, पण बाहेर तेल देणारी तोटी नव्हती. ती बसवून घ्यायला आम्ही आलो होतो.

फिटर चाळिशीतला, कमी बोलणारा. त्याने पंपाकडून लिफ्टकडे जाणारी तेलाची वाट मध्येच सोडवली आणि तिथे एक लिव्हरचा व्हॉल्व्ह बसवायला घेतला. या कामात खरी हुशारी वाटा ठरवण्यात असते. व्हॉल्व्हमधून एक वाट औजाराकडे, एक गिअरबॉक्सच्या तेलाकडे परत आणि एक पुढे, पूर्वीसारखी लिफ्टकडे जावी लागते. ही शेवटची वाट नीट दिली नाही, तर फाळ पलटतात पण लिफ्ट उचलत नाही. आणि परतीची व पुढची वाट एकच केली, तर लिफ्टवर भार आला की नव्या व्हॉल्व्हच्या अंगावर नको तिथून दाब येतो आणि त्याची सील फुटतात. हे सगळे त्याला कोणी शाळेत शिकवले नव्हते.

त्या तीन तासांत मला सारखी एका माणसाची आठवण येत होती. त्याला मी कधी पाहिलेले नाही. त्याचे पुरते नाव त्या शेडमध्ये कोणाला सांगता आले नसते. आणि गंमत अशी की, त्याचे आडनाव कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका जुन्या लाल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठळक लिहिलेले होते. फर्ग्युसन.

आपल्याकडे हे नाव काढले की पुण्याचे कॉलेज डोळ्यांपुढे येते. ते फर्ग्युसन वेगळे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या नावाने ते कॉलेज १८८५ च्या जानेवारीत सुरू झाले. आपला फर्ग्युसन त्याआधी दोनच महिने, ४ नोव्हेंबर १८८४ रोजी, आयर्लंडच्या उत्तर भागात, काउंटी डाउनमधल्या ग्रोवेल नावाच्या वस्तीत जन्मला. त्याच्या बापाचे नावही जेम्सच; पण हा जेम्स शेतकरी होता. अकरा मुले, बाप कर्मठ धार्मिक, घरात प्रार्थना आणि शेतात घोड्यामागे नांगर. हेन्री जॉर्ज, म्हणजे हॅरी, हा त्यांतला चौथा. शेतकाम त्याला मनापासून नकोसे होते. बापाचा धर्मही त्याने पुढे सोडला. ज्या माणसाने पुढे जगभरच्या शेतकऱ्याचे कष्ट हलके केले, त्याची सुरुवात शेतातून पळ काढण्याने झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नांगरामागे चालण्याचा कंटाळा ज्याला आला नाही, त्याला तो उचलायची युक्ती कशाला सुचेल?

१९०२ साली, अठराव्या वर्षी, हॅरी बेलफास्टला थोरल्या भावाच्या, जोच्या, दुकानात लागला. सायकली आणि नव्यानेच आलेल्या मोटारी दुरुस्त करण्याचे ते दुकान. हे वाचताना मराठी माणसाला लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवल्याशिवाय राहत नाहीत. बेळगावात सायकलींचे दुकान, मग चारा कापायचे यंत्र, मग लोखंडी नांगर आणि १९१० साली किर्लोस्करवाडी. जगाच्या दोन टोकांना, जवळपास एकाच पिढीत, दोन माणसे सायकलच्या दुकानातून नांगराकडे गेली. सायकल ही त्या काळची यंत्रशाळा होती. साखळी, दाते, बेअरिंग, वजन कमी ठेवण्याची नजर, सारे काही ती शिकवीत असे.

हॅरीने मात्र नांगराकडे जाण्याआधी आकाशाची वाट धरली. राइट बंधूंच्या उड्डाणांनी तो झपाटला. स्वतः विमान बांधले आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी हिल्सबरो येथे ते उडवले. अंतर किती, तर १३० यार्ड. म्हणजे आपल्या एखाद्या बऱ्या शेताची लांबी. पण आयर्लंडच्या भूमीवरून विमानात उडालेला तो पहिला माणूस ठरला. पुढल्या ऑगस्टमध्ये न्यूकॅसलच्या समुद्रकाठी तीन मैल उडून त्याने शंभर पौंडांचे बक्षीसही मिळवले. भावाला हा नाद पसंत नव्हता. १९११ साली हॅरीने स्वतःचा मोटारींचा धंदा थाटला. विमानाचा नाद सुटला, तरी त्यातून एक गोष्ट त्याच्या हाडात मुरली. यंत्राला वजन देऊन बळ येत नाही. बळ कोणत्या रेषेने कुठे जाते, हे पाहावे लागते.

पहिले महायुद्ध आले. जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनचे धान्य अडवले. जास्त जमीन नांगराखाली आणायची, तर ट्रॅक्टर हवेत. १९१७ साली आयर्लंडच्या कृषी मंडळाने हॅरीवर काम सोपवले की, देशभर फिरून ट्रॅक्टर नीट चालतात का ते पाहा. त्याच्याबरोबर विली सँड्स हा त्याचा मेकॅनिक होता. या माणसाचे नाव वगळून हॅरीची गोष्ट सांगणे अन्यायाचे होईल. हॅरीला कल्पना सुचत, तो त्या पोटतिडकीने मांडी. त्या लोखंडात उतरवणारे हात पुष्कळदा सँड्सचे असत.

या दोघांनी पाहिले ते असे. ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी बैल, अशी सर्वांची समजूत होती. बैलामागे जसा नांगर ओढला जाई, तसाच तो ट्रॅक्टरमागे साखळीने किंवा दांड्याने बांधलेला. नांगराला स्वतःची चाके, तो वरखाली करायला स्वतःची यंत्रणा आणि पुष्कळदा वेगळा माणूस. चाके घसरू नयेत म्हणून ट्रॅक्टर अवजड करायचा. अवजड केला की माती दाबली जायची. सगळ्यांत वाईट म्हणजे नांगर खडकात अडकला की मागची चाके थांबत, इंजिन थांबत नसे. मग ट्रॅक्टर मागच्या आसाभोवती फिरून पुढून उचलला जाई आणि उलटा होऊन चालकाच्या अंगावर पडे. फोर्डसन ट्रॅक्टर तर याबद्दल कुप्रसिद्धच होता.

बाकीचे लोक ट्रॅक्टर सुधारायच्या मागे होते. हॅरीने ओळखले की दोष जोडणीत आहे. नांगर आणि ट्रॅक्टर ही दोन वेगळी यंत्रे न राहता एकच शरीर झाली पाहिजेत. त्याच वर्षी त्याने मोटारीपासून बनवलेल्या एका हलक्या ट्रॅक्टरला बसणारा, चाके नसलेला नांगर तयार केला. सीटवरून लिव्हर ओढला की तो उचलला जाई. पण लवकरच हेन्री फोर्डचा स्वस्त फोर्डसन बाजारात आला आणि तो हलका ट्रॅक्टर मागे पडला. ट्रॅक्टर गेला, म्हणून नांगरही गेला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपली कल्पना टांगण्याचा धोका हॅरीला तिथे प्रथम दिसला. तो शेवटचा नव्हता.

मग फोर्डसनसाठी एकावर एक अशा दोन दांड्यांची जोडणी झाली. त्यामुळे ट्रॅक्टर उलटण्याचा धोका कमी झाला, पण जमिनीच्या चढउताराबरोबर नांगर कधी खोल, कधी उथळ जाई. ही खोली आपोआप कशी सांभाळायची, यावर बेलफास्टच्या त्या शेडमध्ये वर्षानुवर्षे खटपट चालली. अखेर उत्तर सापडले ते तेलात. १९२५ साली त्याने त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला.

ही युक्ती समजून घेण्याजोगी आहे, कारण आजही कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे तीच दिसते. खाली दोन दांडे औजाराला ओढतात. वर मधोमध एक दांडा, आपण ज्याला टॉप लिंक म्हणतो. तीन बिंदूंचा त्रिकोण. नांगर जमिनीत शिरून मागे खेचला जाऊ लागला की त्याचे डोके पुढे कलू पाहते आणि टॉप लिंक पुढे ढकलली जाते. हा रेटा ट्रॅक्टरचे पुढचे टोक खाली दाबतो, म्हणजे तो उलटत नाही. नांगराचे आणि त्यावर येणाऱ्या मातीचे वजन मागच्या चाकांवर येते, म्हणजे पकड मिळते. ओझे नुसते ओढण्याऐवजी ट्रॅक्टर त्या ओझ्याचाच आधार घेतो. आणि टॉप लिंकच्या मुळाशी एक स्प्रिंग. नांगर जास्त खोल गेला, माती जड लागली, की रेटा वाढतो, स्प्रिंग दबते, व्हॉल्व्ह सरकतो, तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि नांगर किंचित वर येतो. माती हलकी लागली की तो पुन्हा खाली जातो. नांगर दगडात अडकलाच, तर तेलाचा आधार सुटतो, मागच्या चाकांवरचे ओझे जाते आणि चाके जागीच फिरतात. चालक वाचतो. हाताच्या दोन बोटांनी लिव्हर सरकवायचा, बाकी सारे मातीच सांगत जाते.

टनभर वजनाचा ट्रॅक्टर दुप्पट वजनाच्या ट्रॅक्टरचे काम करू लागला, तो या त्रिकोणामुळे. लहान शेतकऱ्याला परवडणारा ट्रॅक्टर शक्य झाला, तोही यामुळेच.

कल्पना सुचणे आणि ती विकली जाणे यांत किती अंतर असते, हे मला बँकेतल्या तीस वर्षांनी शिकवले आहे. हॅरीला आठ वर्षे कोणी कारखानदार मिळाला नाही. शेवटी त्याने स्वतःच एक नमुना बांधला. १९३३ सालचा हा काळा ट्रॅक्टर आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. १९३६ पासून इंग्लंडातल्या डेव्हिड ब्राउन या गिअर बनवणाऱ्या कारखानदाराने तो तयार करायला घेतला. साडेतेराशेच्या आसपास ट्रॅक्टर निघाले. ट्रॅक्टर उत्तम होता, पण महाग. त्यासोबत हॅरीचीच औजारे घ्यावी लागत, तो खर्च आणखी वेगळा. ब्राउनला ट्रॅक्टर मोठा करायचा होता, हॅरीला एक बोल्टही बदलायचा नव्हता. भागीदारी मोडली.

हॅरी माणूस म्हणून सोपा नव्हता. नीटनेटकेपणाचे वेड इतके की, कारखान्यात पाना जागेवर नसला तरी त्याचा पारा चढे. अंगात नेहमी व्यवस्थित सूट, शेतात प्रात्यक्षिक द्यायचे असले तरी. दोरीने आखलेल्या एका चिमुकल्या तुकड्यात तो ट्रॅक्टर घाली आणि कोपरा न कोपरा नांगरून, आपल्या चाकांची खूणही मागे न ठेवता बाहेर काढी. पाहणाऱ्याला जे पटायचे ते पटून जाई. मधून मधून त्याला खिन्नतेचे झटके येत आणि झोप उडे. ज्याला प्रत्येक गोष्ट आपल्याच ताब्यात हवी असते, त्याला रात्र मोठी असते.

१९३८ च्या ऑक्टोबरात हॅरी आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत डिअरबॉर्नला गेला. हेन्री फोर्डच्या निवासस्थानालगतच्या शेतात प्रात्यक्षिक झाले. फोर्ड तेव्हा पंचाहत्तरीचा. तोही शेतकऱ्याचाच मुलगा, त्याचाही बाप आयर्लंडमधून आलेला आणि त्यालाही तरुणपणी शेतकामाचा तिटकारा. सुमारे अठरा वर्षांपूर्वी याच फोर्डने हॅरीला नोकरी देऊ केली होती, मग पेटंट विकत मागितले होते; हॅरीने दोन्ही नाकारले होते. आता टेबलावर किल्लीचा एक छोटा खेळण्यातला ट्रॅक्टर ठेवून हॅरीने बळाच्या रेषा समजावून सांगितल्या. म्हाताऱ्याला पटल्या. फोर्डने ट्रॅक्टर बनवायचा. हॅरीने तो आणि त्याची औजारे विकायची. कोणालाही, कधीही, कारण न देता बाजूला होता येईल. कागद नाही, वकील नाही, सही नाही. दोघांनी हस्तांदोलन केले आणि विसाव्या शतकातल्या एका प्रचंड व्यवहाराची लिखापढी तेवढ्यावर संपली.

बँकेतला माणूस म्हणून हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. आम्ही पाच हजारांच्या बैलजोडीच्या कर्जाला सात ठिकाणी सह्या घेत होतो.

१९३९ च्या जूनमध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर बाजारात आला. किंमत ५८५ डॉलर. पुढल्या आठ वर्षांत तीन लाखांवर ट्रॅक्टर निघाले. मग १९४३ साली फोर्डचा मुलगा वारला, म्हाताऱ्याची शक्ती गेली आणि १९४५ मध्ये नातू, दुसरा हेन्री फोर्ड, सूत्रे घेऊन बसला. त्याने हिशेब काढला तर प्रत्येक ट्रॅक्टरमागे कारखान्याला तोटा होत होता. त्याने करार संपवला. थोरला फोर्ड १९४७ च्या एप्रिलमध्ये गेला आणि त्याच वर्षी नव्या कंपनीमार्फत फोर्डचा स्वतःचा ट्रॅक्टर विक्रीला आला. त्याच्या मागे तोच त्रिकोण होता आणि पोटात तेच तेल.

कधीही बाजूला होण्याची मुभा हस्तांदोलनात होती. पेटंट वापरत राहण्याची नव्हती. १९४८ च्या जानेवारीत हॅरीने फोर्ड कंपनीवर २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला. चार वर्षे खटला चालला. १९५२ च्या एप्रिलमध्ये तडजोड झाली आणि पेटंटपोटी हॅरीला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. एका लहान माणसाने अजस्र कंपनीला वाकवले, असे जगाने म्हटले. मागितले किती आणि मिळाले किती, हे पाहणारा माणूस मात्र तसे म्हणणार नाही.

याच तडजोडीत आमच्या निफाडच्या शेडचे एक मूळ दडलेले आहे. हॅरीच्या रचनेत तेलाचा पंप गिअरबॉक्सच्या पोटात होता आणि पीटीओच्या दांड्यावर चालत होता. क्लच पूर्ण दाबला की चाकांबरोबर पंपही थांबे. पंपात शिरणाऱ्या तेलावरच व्हॉल्व्ह होता आणि ही त्याच्या पेटंटातली मेख होती. फोर्डला ती मांडणी सोडून देणे भाग पडले. १९५३ सालच्या फोर्डच्या नव्या ट्रॅक्टरवर पंप थेट इंजिनला जोडलेला आला. क्लच दाबा, ट्रॅक्टर उभा राहू द्या, तेल चालूच. ट्रॅक्टर उभा करून ट्रॉली पलटी करायची किंवा लोडर उचलायचा, तर असेच अखंड तेल हवे. हॅरीच्या खटल्यानेच फोर्डला हॅरीच्या पुढे ढकलले, असा हा काव्यगत न्याय.

हॅरीनेही तेल बाहेर काढले नव्हते असे नाही. त्याची तीन टनांची पलटी होणारी ट्रॉली ट्रॅक्टरच्या तेलावरच उचलली जाई. पण त्याच्या डोक्यातले चित्र बंद घरासारखे होते. ट्रॅक्टर त्याचा, औजार त्याचे, त्रिकोण त्याचा, तेल त्याचे. बाहेरच्याने येऊन मध्येच व्हॉल्व्ह घालावा, कोणाचाही नांगर कोणालाही जोडावा, हे त्याच्या स्वभावात बसणारे नव्हते. पेटंटांची मुदत संपली आणि काळाने ते घर उघडले. आज तीन बिंदूंची मापे जगभर ठरलेली आहेत. राजकोटचे औजार जपानी ट्रॅक्टरला बसते. हॅरीची कल्पना सर्वांची झाली, ती त्याच्या हातून सुटल्यावर.

पण त्याच्या त्या हट्टात एक गोष्ट लाखमोलाची होती आणि ती सांगण्यासाठीच मी हे सगळे लिहीत आहे. हॅरी ट्रॅक्टर विकत नसे. तो शेतीची एक पद्धत विकत असे. औजारांवाचून ट्रॅक्टर म्हणजे हातांवाचून माणूस, हे त्याला ठाऊक होते. अन्न स्वस्त झाले पाहिजे, ते व्हायचे तर लहान शेतकऱ्याचा उत्पादनखर्च उतरला पाहिजे आणि तो उतरायचा तर एका छोट्या यंत्राने वर्षभर नाना कामे केली पाहिजेत, हा त्याचा सिद्धान्त. तो राजकारण्यांना, पत्रकारांना, भेटेल त्याला हे सांगत सुटे. लोक कंटाळत. तो सांगतच राही.

१९८७ साली मी एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेत शेती कर्जे पाहत होतो. एक शेतकरी ट्रॅक्टरसाठी आला. त्याच्या दरपत्रकात ट्रॅक्टर, ट्रॉली, नांगर, पेरणीयंत्र आणि मागे तेलाची जादा जोडणी अशा रकमा होत्या. बेरीज त्याच्या जमिनीच्या हिशेबाने बसणाऱ्या मर्यादेबाहेर जात होती. मी लाल पेन घेतले आणि खालच्या तीन ओळींवर काट मारली. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मंजूर. प्रकरण नियमात बसले, वरिष्ठांनी शेरा न मारता मान्य केले. मला त्याचे समाधानही वाटले.

त्या ट्रॅक्टरला ओढण्याखेरीज काही करता येत नव्हते. हंगामात ऊस ओढला, एरवी लग्नाची वऱ्हाडे आणि विटा. नांगरट दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने, भाड्याने. पाऊस हुकला, त्या वर्षी हप्ते थकले. तिसऱ्या वर्षी आम्ही ट्रॅक्टर ओढून आणला आणि बँकेच्या आवारात त्याचा लिलाव केला. लिलावाच्या दिवशी तो शेतकरी आला होता. कुंपणाशी उभा राहिला, पावती घेतली आणि गेला. मला त्याने काही म्हटले नाही. त्या वेळी मी त्याला दैवाचा फेरा समजलो. फर्ग्युसनचे चरित्र मी निवृत्तीनंतर वाचले, तेव्हा कळले की ज्या तीन ओळी मी कापल्या, तोच खरा ट्रॅक्टर होता.

असो. हॅरीकडे परत जाऊ.

फोर्डशी फाटल्यावर तो स्वस्थ बसला नाही. १९४६ पासूनच इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात, स्टँडर्ड मोटर कंपनीकडून, त्याचा स्वतःचा ट्रॅक्टर निघू लागला होता. टीई-२०, रंग राखाडी. दहा वर्षांत पाच लाखांवर ट्रॅक्टर निघाले. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला, तो साखळपट्टे चढवलेल्या याच राखाडी ट्रॅक्टरांवरून.

१९५३ साली हॅरीने आपला धंदा कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीत शेवटी दहा लाख डॉलरचा फरक उरला. त्यावर घासाघीस करण्याऐवजी त्याने नाणे उडवण्याचा प्रस्ताव मांडला. उडवले, आणि तो हरला. नव्या कंपनीत त्याला मान होता, हुकूम नव्हता. वर्षभरात तो बाहेर पडला. १९५८ मध्ये कंपनीचे नाव मॅसी फर्ग्युसन झाले. ज्या नावाने तो जगाच्या प्रत्येक शेतात पोचला, त्या कंपनीत तेव्हा त्याचा काही संबंध उरला नव्हता.

शेवटची वर्षे मोटारींच्या चारही चाकांना ताकद देण्याच्या प्रयोगांत गेली. ते प्रयोग वाया गेले नाहीत. त्याच्या संस्थेच्या शर्यतीच्या मोटारीने १९६१ साली ओल्टन पार्कची शर्यत जिंकली. चालवणारा स्टर्लिंग मॉस. पाहायला हॅरी नव्हता. २५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्लॉस्टरशायरमधल्या आपल्या घरी तो मृतावस्थेत सापडला. झोपेच्या औषधाची मात्रा जास्त झाली होती. ती चुकून झाली की कसे, याचा निर्णय चौकशीत होऊ शकला नाही. आपणही तो करू नये. वय पंचाहत्तर.

त्याच १९६० साली आपल्याकडे महाराष्ट्र राज्य झाले आणि मद्रासला, मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवणारी टॅफे कंपनी स्थापन झाली. तिचा १०३५ हा लाल ट्रॅक्टर पुढे आपल्या खेड्यापाड्यांत गेला. लोक त्याला नुसते मॅसी म्हणतात. फर्ग्युसन हे नाव जिभेला जड, ते गळून गेले. राहिला तो त्रिकोण.

शेडमधले काम दुपारी संपले. फिटरने इंजिन चालू केले, गिअरबॉक्सचे तेल पुन्हा पाहिले. नव्या सिलिंडरने आपल्या वाट्याचे तेल घेतले की पातळी उतरते, तेवढे भरावे लागते. नळीच्या जोडाशी गळती आहे का, हे त्याने पुठ्ठ्याचा तुकडा धरून तपासले, बोट लावून नव्हे. दाबाखालच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते आणि हात गमवावा लागतो. मग साडूंच्या मुलाला सीटवर बसवले. मुलाने आधी जुना लिव्हर ओढला. नांगर वर आला. मग नवा ओढला. फाळ हवेत सावकाश फिरले आणि दुसऱ्या अंगाला जाऊन थांबले. पोराच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. त्याने पुन्हा एकदा फाळ फिरवले, मग उगाचच आणखी एकदा.

फिटरने बिल लिहिले. व्हॉल्व्ह, नळ्या, जोड, तेल, मजुरी. पाच ओळी होत्या. माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. मी बिल वाचले, घडी केली आणि एकही ओळ न कापता मुलाच्या हातात दिले.